डॉर्सेटच्या शिवारात चार दिवस: हार्डीची वाट, मजुरांचं झाड आणि लष्करानं घेतलेलं गाव

पहिल्या खेपेला आम्ही टाइनहॅमला पोहोचलोच नाही. ईस्ट ललवर्थच्या पुढे रस्त्यावर फाटक बंद, शेजारच्या खांबावर लाल निशाण आणि टेकडीपलीकडून तोफांचे दबके आवाज. वार मंगळवार. चूक सर्वस्वी माझी होती. लंडनहून निघताना हवामान पाहिलं, हॉटेल पाहिलं, पण लष्कराचं वेळापत्रक पाहिलं नाही. म्हणून हा लेख ‘काय पाहाल’पासून सुरू न होता कॅलेंडरपासून सुरू होतोय.

डॉर्सेट ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची काउंटी. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून रेल्वेनं अडीच-पावणेतीन तासांत डॉर्चेस्टर येतं. तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटरच्या परिघात इंग्रजी कादंबरीकार-कवी टॉमस हार्डीचं घर आहे, शेतमजुरांच्या लढ्याचं टॉलपडल आहे, बोव्हिंग्टनचं रणगाडा संग्रहालय आहे आणि युद्धात रिकामं केलेलं टाइनहॅम आहे. परदेशी प्रवासी सहसा इथल्या डर्डल डोअरच्या खडकाचा फोटो काढून परततात. तो खडक सुंदर आहेच. पण तुमचं मूळ शेतीचं असेल, घरात कुणी सालानं राबलं असेल किंवा फौजेत गेलं असेल, तर समुद्राकडे पाठ करून या शिवारात चार दिवस काढा.

आधी कॅलेंडर, मग तिकीट

टाइनहॅम आजही लष्कराच्या ललवर्थ गोळीबार क्षेत्रात आहे. बहुतेक शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना ते उघडं असतं, शाळांच्या मोठ्या सुट्ट्यांत बरेचदा सलग. पण वर्षातले काही शनिवार-रविवारही सरावात जातात. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ललवर्थ रेंजच्या खुल्या दिवसांची यादी असते. ती आधी उघडा, एक उघडा रविवार निवडा आणि त्यावरून उलट मोजत गुरुवारी पोहोचायचं ठरवा. गुरुवार हार्डीचा, शुक्रवार टॉलपडल आणि न्यायालयाचा, शनिवार रणगाड्यांचा आणि रविवार टाइनहॅमचा. हा क्रम मी उगाच धरलेला नाही. वाचक म्हणून सुरुवात केलीत तर शेवटच्या दिवशी त्या मोडक्या घरांमध्ये उभं राहताना ती नुसती पडकी घरं वाटत नाहीत.

महिना मे, जून किंवा सप्टेंबर धरा. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि गवत कापणीचे दिवस असतात. हिवाळ्यात हार्डीचं घर आणि ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची झोपडी बंद तरी असतात किंवा मोजकेच दिवस उघडतात. या दोन्ही जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, तेव्हा त्यांचे वार आणि वेळा निघण्याआधी पाहा. जुलैच्या मध्यावर टॉलपडलला कामगार संघटनांचा मेळा भरतो. गर्दी, झेंडे, बँड, भाषणं यांची आवड असेल तर मुद्दाम तेव्हा जा, नसेल तर तो आठवडा टाळा. राहण्याच्या खोल्या त्या वेळी मिळणं अवघड.

मुक्काम डॉर्चेस्टरलाच करा. खेड्यातलं गवताच्या छपराचं घर फोटोत छान दिसतं, पण संध्याकाळी सातनंतर जेवायला कुठे जायचं हा प्रश्न उरतो.

गाडी की रेल्वे

दोन्ही जमतं, पण खरं सांगायचं तर शेवटच्या दोन दिवसांना गाडी हवी. भारतीय वाहन परवान्यावर पर्यटकाला ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. त्रास होतो तो गल्लीएवढ्या रस्त्यांचा. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं, मध्ये एकच गाडी मावेल एवढी वाट, आणि समोरून ट्रॅक्टर. अशा वेळी ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्यानं मागे जायचं. हॉर्न वाजवायचा नाही, वाट मिळाल्यावर हात उचलून आभार मानायचे. पाट्यांवरचा वेग मैलांत असतो, आणि ‘६० चालेल’ असं पाटी म्हणाली तरी त्या गल्लीत ३० पुष्कळ झाले. आपोआप गिअरची गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवा.

गाडी नसेल तर रेल्वेनं वूल या स्टेशनावर उतरा. तिथून रणगाडा संग्रहालय सुमारे तीन किलोमीटर आहे. त्याच मार्गावर डॉर्चेस्टरच्या बाजूला मोरटन स्टेशन आहे, पण ते गावापासून दूर आहे, चालायची तयारी ठेवा. टाइनहॅमला नियमित बस नाही, तिथे टॅक्सी ठरवावी लागते, आणि परतीची वेळही तेव्हाच पक्की करावी लागते, कारण दरीत मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही.

कागदी नकाशा विकत घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ‘पर्बेक आणि साउथ डॉर्सेट’ हा नकाशा, क्रमांक ओएल १५. त्यात प्रत्येक पायवाट, प्रत्येक कुंपण, चर्च आणि ओढा असतो. इंग्लंडमध्ये खाजगी शेतांतूनही लोकांच्या हक्काच्या पायवाटा जातात. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलींनाही मुभा. शेतकऱ्याची परवानगी मागावी लागत नाही, पण वाट सोडायची नाही, आणि फाटक ज्या स्थितीत दिसलं त्याच स्थितीत ठेवायचं. उघडं होतं तर उघडंच. जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. वासरं बरोबर असलेल्या गायींच्या कळपामधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. आपल्या गोठ्यातल्या गायीच्या अनुभवावर इथल्या गायीशी सलगी करू नये, हे मी शहाणपणानं सांगतेय.

गुरुवार: पायी, पाच किलोमीटर

डॉर्चेस्टर म्हणजे हार्डीच्या कादंबऱ्यांतलं कॅस्टरब्रिज. साउथ स्ट्रीटवर जुन्या विटांच्या एका इमारतीवर फलक आहे, की कादंबरीतला कॅस्टरब्रिजचा मेयर याच घरात राहत होता असं मानतात. जन्मालाच न आलेल्या माणसाच्या घरावर फलक! तो पाहून गावाबाहेर पडा.

ग्रेज ब्रिज ओलांडला की फ्रोम नदीची सखल कुरणं लागतात. पुलावर ओतीव लोखंडाची एक जुनी पाटी आहे, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. या पुलाची कुणी जाणूनबुजून नासधूस केली तर त्याला जन्मभरासाठी देशाबाहेर पाठवलं जाईल, असा तिचा मजकूर. आपल्या भाषेत काळं पाणी. पुलाचा दगड उपटला म्हणून काळं पाणी! ही पाटी लक्षात ठेवा, उद्या कामाला येईल.

कुरणांत उंचवटे आणि चर दिसतील. हे ओसाड पडलेले चर नाहीत, जुनी सिंचनाची रचना आहे. सतराव्या शतकापासून इथे हिवाळ्यात नदीचं पाणी कुरणावरून पातळ थरानं वाहतं ठेवत. वाहतं पाणी बर्फापेक्षा ऊबदार, त्यामुळे दव गोठायचं नाही आणि शेजारच्या टेकडीपेक्षा काही आठवडे आधी गवत फुटायचं. मेंढ्या दिवसा या गवतावर चरायच्या आणि रात्री त्यांना हलणाऱ्या कुंपणात घालून चुनखडीच्या हलक्या जमिनीवर बसवायचे, लेंडीखतासाठी. ते खत नसतं तर त्या पांढऱ्या मातीत गहू-जवाला बळ नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी थबकले. माझं माहेर फलटणकडचं. धनगरांचा वाडा शेतात बसवून बदल्यात धान्य द्यायची पद्धत मी लहानपणापासून पाहिलेली. मेंढी काय नि माती काय, व्यवहार तोच.

पुढे सुमारे दोन किलोमीटरवर स्टिन्सफर्डचं चर्च. हार्डी ११ जानेवारी १९२८ला वारला. त्याची रक्षा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे, आणि हृदय इथे, पहिल्या बायकोशेजारी. त्याला या मातीत पुरायचं की राष्ट्राच्या कबरस्थानात, यावर तोडगा म्हणून झालेली ही वाटणी. मला ती जरा अघोरीच वाटते, पण त्या साध्या दगडाशी उभं राहिलं की राष्ट्राला राख मिळाली आणि गावाला काळीज, एवढा हिशेब गावानं बरा केला असंही वाटतं.

चर्चमधून किंवा चर्चबाहेरून निघताना महायुद्धात गेलेल्यांची नावं शोधा. इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक खेड्यात असा क्रूस किंवा फलक असतो, त्यावर एकेकाचं नाव. एकाच आडनावाचे दोघे-तिघे दिसले की भाऊ किंवा चुलतभाऊ असणार. आपल्याकडे साताऱ्यात, कोकणात पहिल्या महायुद्धाचे संगमरवरी फलक आहेत, त्यांच्यावर बहुधा फक्त आकडा: या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तेच साम्राज्य, तेच युद्ध, पण नावं इथे, संख्या तिकडे.

स्टिन्सफर्डहून किंग्स्टन मॉरवर्डच्या आवारालगत, लोअर बॉकहॅम्प्टन गावातून वाट हायर बॉकहॅम्प्टनला जाते. किंग्स्टन मॉरवर्ड हा जमीनदारांचा वाडा, आता तिथे कृषी महाविद्यालय आहे. एकूण पाचेक किलोमीटर. शाळकरी हार्डी डॉर्चेस्टरला रोज अंदाजे एवढंच चालून जायचा आणि यायचा. थॉर्नकुम वुड या रानातून चढ चढून गेलात की एकदम ते घर समोर येतं. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. पणजोबांनी १८००च्या सुमारास बांधलेलं. बाप गवंडीकामाचा ठेकेदार. २ जून १८४०ला हार्डी इथे जन्मला, आणि ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही मेंढपाळ गेब्रियल ओकची कादंबरी त्यानं याच घरात बसून लिहिली. वरच्या खोलीतली खिडकी लहान आहे, आणि तिच्या कठड्याशी बसलं की दिसतं ते फक्त झाड आणि रान. त्याची माणसं निसर्गवर्णनातून का उगवतात हे तिथे कळतं.

परतताना मॅक्स गेट पाहायचं की नाही हे पायांना विचारून ठरवा. हार्डी मूळचा वास्तुशिल्पी, हे घर त्यानं स्वतः आखलं आणि १८८५ला राहायला आला. ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी इथलीच. मला घर कोंदट वाटलं. ज्यांना लेखकाचं टेबल पाहायचंय त्यांनी गावातल्या डॉर्सेट म्युझियममध्ये जावं, अभ्यासिका तिथे मांडून ठेवली आहे.

प्रवासाआधी एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर ‘टेस’ वाचा, आणि त्यातली शेतीची पानं ओलांडू नका. फ्रोमच्या खोऱ्यातली दुभत्याची सुखाची कामं एकीकडे, आणि दुसरीकडे फ्लिंटकुम-ॲशच्या दगडाळ रानात हिवाळ्यात कंद खणणारी, वाफेच्या मळणीयंत्रावर दिवसभर पेंढ्या सोडणारी टेस. शेतमजुरांचे करार सालाचे असत आणि वसंतात, जुन्या लेडी डेला म्हणजे ६ एप्रिलच्या सुमारास, मजुरांची कुटुंबं बिऱ्हाड गाडीवर लादून नव्या मालकाकडे जात. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल संपतं, नवं ठरतं. दोन्हीकडे मुहूर्त जवळपास एकाच पंधरवड्याचा, कारण दोन्हीकडे हिशेब पिकाचा.

शुक्रवार: सात शिलिंग

सकाळी टॉलपडल. डॉर्चेस्टरपासून गाडीनं वीस मिनिटांच्या आत. संग्रहालय लहान आहे, प्रवेश फुकट, आणि ते ज्या घरांच्या रांगेत आहे ती घरं १९३४ला कामगार संघटनांनी वृद्ध शेतमजुरांसाठी बांधलेली आहेत.

गोष्ट अशी. १८३०च्या आसपास इथल्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंग होती. ती आठ झाली, मग सात, आणि पुढे सहा करण्याची भाषा सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस या मजुरानं, तो मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकारही होता, सोबत्यांना घेऊन संघटना बांधली. संघटना करणं तेव्हा बेकायदा नव्हतं. मग पकडायचं कशावर? नव्या सभासदाला गुप्त शपथ दिली म्हणून. १७९७ साली फ्रान्सशी युद्ध चालू असताना आरमारात बंडं झाली, त्यावर आणलेला शपथविरोधी कायदा या सहा जणांवर लावला. नौसैनिकांसाठी केलेला युद्धकाळातला कायदा सदतीस वर्षांनी नांगरामागच्या माणसावर आला. २४ फेब्रुवारी १८३४ला अटक झाली, मार्चमध्ये सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि सगळे ऑस्ट्रेलियाला गेले. देशभर मोर्चे आणि अर्ज झाले, १८३६ला माफी मिळाली, पण परतायला आणखी वर्षं गेली. परत आलेल्यांपैकी पाच जण पुढे कॅनडाला जाऊन स्थायिक झाले. गावात राहिला एकटा जेम्स हॅमेट. १८९१ला तो डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमगृहात वारला. त्याच्या कबरीवरचा दगड चर्चच्या आवारात आहे, तो १९३४ला बसला.

संग्रहालयापेक्षा चौकातलं सिकॅमोरचं झाड जास्त वेळ मागतं. तीनशे वर्षांहून जुनं, पोटातून पोकळ, अजून जिवंत. मजूर याच्याखाली जमत. आपल्या गावात पारावर बसून जे बोललं जातं तेच इथे बोललं गेलं. शपथ जिथे दिली ते घरही पुढे आहे, भिंतीवर फलक आहे, पण त्यात माणसं राहतात. खिडकीतून डोकावू नका.

दुपारी डॉर्चेस्टरला परत या आणि शायर हॉलमध्ये जा. खटला याच न्यायालयात चालला. १७९७ची इमारत (योगायोगानं कायद्याचंच साल), आता संग्रहालय. खालच्या कोठड्यांमधून अंधाऱ्या जिन्यानं वर येऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहता येतं. सहा माणसं त्या पिंजऱ्यात कशी मावली असतील हा माझा पहिला विचार होता. पुढे कित्येक वर्षांनी हार्डी याच इमारतीत मानद दंडाधिकारी म्हणून बसत असे.

वेळ उरला तर कीप हे जुन्या छावणीच्या दरवाजातलं लष्करी संग्रहालय उघडं आहे का पाहा. डॉर्सेट रेजिमेंटचं ब्रीद लॅटिनमध्ये होतं, अर्थ ‘हिंदुस्थानात पहिले’. तिची पूर्वज असलेली ३९वी पलटण १७५४ला आली, प्लासीला होती, आणि १८४३च्या डिसेंबरात ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेशी लढली. महाराजपूर हे नाव त्यांच्या विजयांच्या यादीत कोरलेलं आहे. शिंद्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईचं नाव इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या शेतकरीपोरांच्या पलटणीच्या निशाणावर, हे मराठी माणसानं तरी थांबून वाचावं.

शनिवार: मळणीयंत्रापासून रणगाड्यापर्यंत

सकाळी वूलच्या जुन्या पुलावर दोन मिनिटं थांबा. काळ्या पाण्याची तीच पाटी इथेही आहे, आणि पलीकडे वूलब्रिज मॅनर, टेसची लग्नाची रात्र जिथे विस्कटली ते घर. घर खाजगी आहे, पुलावरूनच पाहा.

मग बोव्हिंग्टन. ही जमीन लष्करानं १८९९ला घेतली आणि १९१६पासून रणगाड्यांचं प्रशिक्षण इथे चालू आहे. संग्रहालयात तीनशेच्या आसपास गाड्या आहेत. अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलेल्यांना चर्चिल, व्हॅलेंटाइन, शर्मन ही मंडळी ओळखीची वाटतील. तिथे ते झाडांखाली उघड्यावर उभे असतात, इथे छताखाली, आणि काही चालू स्थितीत. ‘टायगर १३१’ हा जर्मन रणगाडा एप्रिल १९४३ला ट्युनिशियात पकडलेला, आजही धावतो. तो धावताना पाहायचा तर वर्षातले ठराविक दिवस असतात, तिकीट फार आधी काढावं लागतं.

पण मी तुम्हाला टायगरकडे जाण्याआधी दुसऱ्याच एका बोजड लोखंडी पेटीसमोर उभं करीन. तिचं नाव ‘लिटल विली’, साल १९१५, रणगाड्याचा पहिला नमुना. तो बनवला लिंकनच्या विल्यम फॉस्टर कंपनीनं. या कंपनीचा मूळ धंदा शेतीयंत्रांचा: मळणीयंत्रं, वाफेची इंजिनं. साखळीच्या पट्ट्यावर चालायची कल्पनाही चिखलाच्या शेतात रुतू नयेत म्हणून केलेल्या ट्रॅक्टरांकडून आली. खंदकांची जमीन म्हणजे शेवटी नांगरलेलं, भिजलेलं रानच. टेसच्या मळणीवर यंत्र चालवणारा काजळीनं माखलेला परका माणूस आठवा. शेतीच्या जगात असून शेतीचा नसलेला असं हार्डीनं त्याला दाखवलंय. तोच माणूस पंचवीस वर्षांनी या पेटीत बसलेला दिसतो.

संग्रहालयाला तीन तास धरा, मुलं असतील तर पाच. जेवण आत मिळतं. बाहेर पबमध्ये जेवायचं असेल तर दुपारी दोनच्या आत पोहोचा, स्वयंपाकघर बंद होतं. शाकाहारी माणसाची पोटापाण्याची सोय म्हणजे भाजलेला बटाटा, सूप, आणि ‘प्लाउमन्स लंच’, अर्थात नांगऱ्याचं जेवण: ब्रेड, चीज, कांद्याचं लोणचं. भाकरी-कांद्याची आठवण होते खरी. मात्र हे नाव लोकप्रिय केलं ते १९५०-६०च्या दशकांत चीजचा खप वाढवणाऱ्या मंडळांनी. वारसाही कधीकधी जाहिरात विभागात तयार होतो. चीजमध्ये डॉर्सेट ब्लू व्हिनी मागा. लोणी काढून घेतल्यावर उरलेल्या दुधाचं हे निळ्या बुरशीचं चीज, म्हणजे गरिबाचं. वास उग्र असतो. शुद्ध शाकाहारींनी चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट आहे का तेवढं विचारून घ्यावं. नंतर सफरचंदाचा डॉर्सेट केक, त्याबद्दल वाद नाही.

बोव्हिंग्टनहून दोनेक किलोमीटरवर क्लाउड्स हिल. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९२३ला नाव बदलून रणगाडा दलात साधा शिपाई झाला, तेव्हा सुटीच्या वेळी टेकायला त्यानं ही झोपडीवजा जागा घेतली. वीज नाही, खोल्या अंधाऱ्या, पुस्तकं आणि ग्रामोफोन. हार्डीच्या घरी तो चहाला जायचा. पुढे हवाई दलात असताना दोन वर्षं कराची आणि मिरानशाहला होता. मे १९३५ला याच परिसरात मोटारसायकलच्या अपघातात जखमी होऊन वारला.

त्याची कबर मोरटनला, चर्चपासून थोड्या अंतरावरच्या दफनभूमीत आहे. ही जमीन फ्रॅम्प्टन घराण्याची, लॉरेन्सच्या दूरच्या नातलगांची. आणि टॉलपडलच्या मजुरांविरुद्ध गृहमंत्र्याला पत्रं लिहिणारा दंडाधिकारी जेम्स फ्रॅम्प्टन याच मोरटनचा. काल झाडाखाली ज्यांची गोष्ट ऐकली, त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्याच्या गावात तुम्ही आज उभे आहात.

मोरटनचं चर्च चुकवू नका. ऑक्टोबर १९४०मध्ये जर्मन विमानानं टाकलेल्या बॉम्बनं त्याच्या सगळ्या काचा गेल्या. नंतर लॉरेन्स व्हिस्लर या कलावंतानं तीस वर्षांत एकेक करून नव्या काचा कोरल्या. रंग नाहीत, साध्या पारदर्शक काचेवर कोरीव काम, त्यामुळे देवळाच्या आतून बाहेरची झाडंही चित्रात मिसळतात. तेरावी काच यहूदाची, क्षमा मिळालेल्या विश्वासघातक्याची. ती गावानं आधी नाकारली, २०१४ला बसवली, आणि ती पाहायला चर्चच्या बाहेरच्या बाजूला जावं लागतं. दुपार उतरल्यावर जा, उजेड तिरपा असतो.

रविवार: टाइनहॅम

रस्ता व्हाइटवे टेकडीवरून जातो. वर गाडी थांबवायची जागा आहे, थांबा. एका बाजूला सपाट रान, दुसऱ्या बाजूला दरी, तिच्या तोंडाशी समुद्र, आणि उतारावर गंजलेले रणगाडे, नेमबाजीचे निशाण म्हणून उभे केलेले. खाली टाइनहॅम.

१६ नोव्हेंबर १९४३ची नोटीस होती. १९ डिसेंबरच्या आत गाव रिकामं करा. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी रणगाड्यांना सरावासाठी जागा हवी होती. सव्वादोनशेच्या आसपास माणसं निघाली. बहुतेक सगळी कुळं, जमीन आणि घरं बाँड घराण्याची, म्हणून भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची. जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: चर्च आणि घरं जपून वापरा, माणसं स्वतंत्र राहावीत म्हणून आम्ही पिढ्यान् पिढ्यांची घरं दिली आहेत, एक दिवस आम्ही परत येऊ. १९४८ला लष्करानं जमीन कायमची संपादन केली. कुणी परत आलं नाही.

धरणग्रस्तांच्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि म्हातारी माणसं बघायला जातात, तसे इथले वंशज सुटीला येतात. इथे गाव पाण्याखाली नाही, दाराला पाटी लावून ठेवलंय, एवढाच फरक.

गाडी गावाच्या तोंडाशी लावा, पेटीत देणगी टाका. आधी शाळा. मुलांच्या नावांच्या खुंट्या आणि वह्या मांडलेल्या आहेत. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: शाळा युद्धानं बंद केलेली नाही, मुलंच उरली नाहीत म्हणून १९३२लाच बंद झाली होती. गाव आधीपासून झिजत होतं. माहितीफलक वाचताना हळवं होणं सोपं आहे, हे साल सोबत ठेवलं तर बरं. मग चर्च, पोस्टासमोरची जुनी पांढरी फोनपेटी (१९८५ला टॉलपडलच्या मजुरांवरच्या चित्रपटाचं चित्रण इथेच झालं, त्यात मूळ पेटी मोडली, ही बदली), मजुरांच्या घरांची रांग आणि शेवटी शेतवाडीचं कोठार. घराघरावरच्या फलकांवर तिथे कोण राहत होतं ते लिहिलंय. चूल दिसते, छप्पर नाही.

पिवळ्या खांबांच्या आतच चाला. बाहेर न फुटलेले तोफगोळे असू शकतात, ही पाटी शोभेची नाही. मुलांना हात धरून ठेवा, धातूचं काही दिसलं तर उचलू नका. कॅफे नाही, दुकान नाही, चहा थर्मासमध्ये आणा. दीडेक किलोमीटर चालत गेलात की वॉरबॅरो उपसागराचा गोट्यांचा किनारा, तिथे बसून डबा खा.

हार्डीची १९१५ची एक छोटी कविता आहे. डुलत चालणाऱ्या म्हाताऱ्या घोड्यामागे ढेकळं फोडणारा एक माणूस, आणि कवी म्हणतो, राजघराणी जातील पण हे असंच चालू राहील. मी ती किनाऱ्यावर मोबाइलमध्ये साठवून नेली होती. कवितेनंतर अठ्ठावीस वर्षांनी, हार्डीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, तो माणूस आणि तो घोडा दोघांनाही महिन्याभराची नोटीस देऊन बाहेर काढलं.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर स्टडलंडला जा. किनाऱ्यावरचा फोर्ट हेन्री हा काँक्रीटचा निरीक्षणतळ तिथे आहे. एप्रिल १९४४मध्ये राजा सहावा जॉर्ज, चर्चिल आणि आयझेनहॉवर यांनी इथूनच उतरण्याचा सराव पाहिला. त्याआधी काहीच दिवस तरंगणारे सहा व्हॅलेंटाइन रणगाडे या खाडीत बुडून सहा सैनिक गेले होते.

टाइनहॅमचं फाटक दिवस मावळायच्या सुमारास लागतं, नेमकी वेळ प्रवेशाशी लिहिलेली असते. तिच्या अर्धा तास आधी गाडीशी परत या. सोमवारी सकाळी खांबावर पुन्हा लाल निशाण चढतं.